जपून भावजींच्या मेलेल्या प्रती

माझ्या धाकट्या दिरांना सगळे जपूनराव म्हणत. हे नाव त्यांना मी दिले नाही, याचे मला अजून थोडे वाईट वाटते. ते दिले आमच्या संस्थेतल्या थोरल्या सिस्टरांनी, आणि ते माप घेऊन शिवलेल्या अंगरख्यासारखे बसले. दार लावताना भावजी म्हणत, "जपून." कप पुढे सरकवताना, "जपून." कोणी म्हातारे माणूस जिना उतरत असले की खाली उभे राहून म्हणत, "जपून हां, जपून." हात द्यायला मात्र कधी एक पायरी वर चढले नाहीत.

माझे यजमान गेल्यावर घरात आम्ही तिघे उरलो. मी, भावजी आणि माझी धाकटी जाऊ. वरच्या खोलीत भावजींचे लोखंडी कपाट होते आणि कपाटात बिस्किटांचे रिकामे डबे. रिकामे म्हणजे बिस्किटांपुरते रिकामे. एकात बटणे, एकात तुटक्या चष्म्यांच्या काड्या, एकात वाळलेल्या शाईची पेने. कुलपे कधीच हरवली होती अशा किल्ल्या इतक्या साठल्या होत्या, की त्यांचा दुसरा डबा जिन्याखाली ठेवावा लागला. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली, आणि काय आहे ते लिहून झाल्यावर शेवटी मोत्यासारख्या अक्षरात दोन शब्द: "असू दे."

"ताई," जाऊ मला म्हणायची, "उद्या मी मेले ना, तर हे मला पोचवायचे नाहीत. डब्यात घालतील आणि वर लिहितील, असू दे."

भावजींची उमेदीची वर्षे एका कारखान्याच्या भांडारात गेली. सुटे भाग सांभाळायचे आणि मागेल त्याला द्यायचे, एवढेच काम. पहिला अर्धा भाग त्यांना मनापासून आवडे. दुसऱ्याचा कंटाळा. यंत्र बंद पडून लोक ताटकळत असत आणि हे खिडकीतून सांगत, "शेवटचा आहे, तो कसा देऊ?" पुढे कारखानाच बंद पडला. तो यांच्यामुळे पडला असे मी म्हणणार नाही. तेवढे कर्तृत्व त्यांच्यात नव्हते.

त्यानंतर त्यांनी संगणकाचा एक वर्ग केला. वर्गात झोप न लागलेले विद्यार्थी तेच एकटे असावेत, कारण त्या शिदोरीवर ते आमच्या संस्थेत चिकटले. संस्था लहान होती. आठ-नऊ सिस्टर घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करीत. मी दुपारी दारालगतच्या टेबलावर बसून फोन घेई. भावजी माझ्यामागे, काचेच्या पडद्याआड.

त्यांचे काम समजायला सोपे होते, म्हणजे इतर कोणालाही सोपे वाटले असते. प्रत्येक सिस्टरजवळ विटेएवढा जाड लॅपटॉप असे, आणि प्रत्येकात संस्थेच्या एकाच नोंदसंग्रहाची एकेक प्रत. कोणत्या रुग्णाला कोणते औषध, किती, रक्तदाब किती, जखम कशी, सगळे त्यात भरायचे. शनिवारी सगळ्या जणी कार्यालयात येत, लॅपटॉप तारेने जोडत, आणि प्रती एकमेकींना आपापले नवे सांगत. याला आम्ही मेळ म्हणत असू. मेळ झाला की सगळ्यांकडे सगळे सारखे. या प्रतींमध्ये एक मुख्य. तिच्यात बसूनच नवा रकाना पाडता येई, मांडणी बदलता येई. ती मूळ प्रत भावजींच्या यंत्रावर होती.

"मूळ प्रत माझ्याकडे आहे," ते आल्यागेल्याला सांगत. एकदा त्यांनी ते पाण्याचे पिंप भरायला आलेल्या माणसालाही सांगितले. तो म्हणाला, "बरं, मग रिकामं पिंप कुठंय?"

ही व्यवस्था ज्या बाईंनी बसवून दिली, त्या पिकल्या केसांच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. जाताना त्यांनी भावजींना बजावले. "ही फाईल साध्या फाइलीसारखी नाही. हिची नक्कल दुसरीकडे ठेवून उघडलीत, की ती नक्कल राहत नाही, घरातलं नवं माणूस होते. बाकीच्या सगळ्या प्रती तिचं नाव आपल्या पटावर घेतात आणि तिची वाट बघतात. फाईल नुसती पुसली म्हणून पटावरचं नाव जात नाही. तेव्हा उगाच पिलावळ वाढवू नका."

"जपूनच राहू," भावजी म्हणाले.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अडगळीच्या खोलीतल्या जुन्या यंत्रावर एक नक्कल ठेवली. नीट आहे ना हे बघायला उघडली. दुसऱ्या दिवशी दुसरी. सोमवारची, मंगळवारची, वीज गेली होती त्या दिवशीची, भीती वाटली म्हणून आणखी एक. मी विचारले तर म्हणाले, "वहिनी, सुरक्षिततेसाठी असतं हे." असे जवळपास वर्षभर चालले. मग एका दुपारी त्या जुन्या यंत्रातून धूर निघाला आणि सगळी पिलावळ एकदम जळून गेली. पटावर नावे मात्र जशीच्या तशी.

त्यानंतरचे शनिवार मला अजून दिसतात. मेळ सुरू झाला की यंत्र पटावरच्या प्रत्येक नावाला हाक मारी, वाट बघे, उत्तर आले नाही की पुढच्या दारी जाई. सिस्टर बाहेरच्या बाकावर पायातले काढून, पाय चोळत बसलेल्या. काहींची घरी पोरे वाट बघणारी.

"जपूनराव," थोरल्या सिस्टर काचेवर टकटक करीत. "आज कोणाची वाट बघतोय आपण?"

"यंत्र सगळ्यांना विचारतंय."

"सगळे म्हणजे कोण?"

"गेल्या वर्षीच्या मंगळवारच्या प्रती."

"आणि त्या कुठं आहेत?"

"जळाल्या."

"मग त्या ओ देणार कशा?"

"नाही देणार. पण विचारायला काय जातंय?"

"आमचा शनिवार जातोय, जपूनराव. तुमच्याकडे असेल एखादा जास्तीचा डब्यात, तर द्या."

शेवटी सिस्टरांनी अध्यक्ष असलेल्या डॉक्टरीणबाईंना सांगितले, की मेलेल्या प्रती काढत नसाल तर आम्ही परत कागदावर लिहू. डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला. भावजींनी त्या पिकल्या केसांच्या बाईंना फोन लावला. माझ्याच टेबलावरून, त्यामुळे पलीकडचे मलाही ऐकू आले. एकेका नावाला हाक मारायची. यंत्र शोधेल, सापडणार नाही. मग ते विचारेल, ही प्रत सापडत नाही, पटावरून काढू का? मग 'हो'. "पण प्रत्येक वेळी नाव वाचून," बाई म्हणाल्या. "वाचल्याशिवाय 'हो' दाबू नका."

घरी दोन दिवस सुतकी चेहरा. जेवणावर वासना नाही. जाऊ म्हणाली, "माझा भाऊ गेला तेव्हा दोन वेळा भात मागून घेतलात. आता मंगळवारच्या प्रतीसाठी घास उतरेना?"

"तुला नाही कळायचं," भावजी म्हणाले.

शनिवारी ते कामाला बसले. पहिली काही नावे त्यांनी मोठ्याने वाचली आणि प्रत्येकाला एकेक सुस्कारा दिला. मग सुस्कारे आखूड झाले. मग भूक लागली. त्यांनी खिशातून शेंगा काढल्या. एका हाताने शेंग फोडायची, दुसऱ्या हाताने 'हो'. फोडली, 'हो'. फोडली, 'हो'. मी काहीतरी विचारायला काचेआड गेले, तर पडद्यावर एक नाव होते आणि त्यांचे बोट खाली येत होते.

"भावजी, ही तर पुलापलीकडची."

बोट टेकले होते. नाव गेले.

पुलापलीकडच्या वस्तीची फेरी आमच्या एका सिस्टरकडे होती. एका ट्रकने कठडा तोडल्यापासून पूल दुरुस्तीसाठी बंद होता. ती बाई पलीकडे आतेबहिणीच्या घरी मुक्कामाला राहून पायी फेऱ्या करीत होती. शनिवारच्या मेळाला ती येऊ शकत नव्हती, म्हणून तिची प्रतही ओ देत नव्हती. तिने जे काही भरले होते ते तिच्याच लॅपटॉपात होते, दुसऱ्या कुठेही नव्हते.

"ती जिवंत आहे," मी म्हणाले. "काल तर फोन आला होता."

"बाई जिवंत असेल वहिनी. प्रत उत्तर देत नव्हती."

"मग परत घ्या पटावर."

"काढलेली परत घेता येत नाही." त्यांनी टरफले गोळा केली. एका पाकिटात घातली. पाकीट खिशात. "ती आली की तिचं सगळं हाताने उतरवून घेऊ. जपून करू. तुम्ही कुठे बोलू नका, उगाच घबराट होते."

मला तोपर्यंत वाटत असे, की हा माणूस कंटाळवाणा असला तरी निदान सावध आहे. त्या दिवशी कळले की तेही नाही. वस्तू धरून ठेवणे आणि वस्तूकडे बघणे यांचा काही संबंध नसतो. त्यांनी आयुष्यभर पहिले केले, दुसरे एकदाही नाही.

पूल उघडला त्या शनिवारी मी दातांच्या डॉक्टरकडे होते. सोमवारी पुलापलीकडची सिस्टर माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. लॅपटॉप उघडा, हातावर, तान्ह्या मुलासारखा धरलेला.

"मावशी, यात माझं काहीच नाही हो."

"म्हणजे?"

"शनिवारी मेळच घेईना. काचेआडचे भाऊ म्हणाले, बिघडलाय, ठेवून जा, नवीन भरून देतो. नवीन भरून दिलंय. पण पूल बंद झाल्यापासूनच्या माझ्या सगळ्या भेटी गेल्या. आतल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझी पानं कोरी कशी?"

कोरी पाने म्हणजे काय ते तिला माहीत होते, मलाही. संस्थेचा खर्च बाहेरच्या एका मंडळाकडून येई, आणि त्या मंडळाला प्रत्येक भेटीची नोंद लागे. भेट नाही तर सिस्टर घरी बसली होती. डॉक्टरीणबाईंनी गुरुवारी बैठक लावली होती. नोंदी दाखव, नाहीतर नोकरीवरून जा.

मी आत जाऊन म्हणाले, "बाई फेऱ्या करत होती. दर आठवड्याला मला फोन येई."

"मावशी, फोन कुठूनही करता येतो."

"मग पलीकडच्या रुग्णांना विचारा."

"ते तिच्याच बाजूनं बोलणार. म्हातारी माणसं, जो पाणी देईल त्याचा जयजयकार." डॉक्टरीणबाई हुशार आहेत. फक्त त्यांची हुशारी खुर्चीतून उठत नाही.

भावजी काचेआड पेन्सिलीला टोक करीत होते. टोक तुटे, ते पुन्हा करीत. आमची नजरानजर झाली नाही. त्यांनी ती होऊ दिली नाही.

मंगळवारी घरी जेवताना मी विषय काढला. "तिच्या मशीनमधली जुनी प्रत कुठे आहे?"

"नाही राहिली," भावजी ताटाकडे बघत म्हणाले. "नवीन घातली की जुनी जाते."

"हाताने उतरवून घेणार होतात."

"ते राहून गेलं."

"आणि तिची नोकरी?"

"सिस्टर लोकांना मागणी असते वहिनी. तिला दहा नोकऱ्या मिळतील. मला या वयात कोण घेणार?" एवढे बोलून त्यांनी आणखी एक पोळी घेतली. "शिवाय चूक कुणाची, हे कशाला उकरायचं? गेलेलं काही परत येत नाही."

"गुरुवारी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते, की पटावरून तिला तुम्ही काढलंत."

"तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला 'हो' दाबताना पाहिलं. शेंगा खाताना. तेवढं कळतं."

पण मला हेही कळत होते, की मी बोलून भावजींची फजिती होईल, त्या बाईच्या नोंदी परत येणार नाहीत. डॉक्टरीणबाईंना भेटी हव्या होत्या, माझी साक्ष नको होती.

जाऊ ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. हात पुसत पुढे आली.

"ताई, यांनी एक वस्तू टाकून दिली, असं म्हणतायत का हे?"

"असंच म्हणतायत."

ती इतकी हसली की तिला बसावे लागले. "अहो, तुमचे स्वतःचे दुधाचे दात आहेत कपाटात. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या घड्याळाची काच आहे, घड्याळ नाही, नुसती काच. आणि तुम्ही काहीतरी टाकून दिलंत? तुम्ही?"

"कपाटाला हात लावायचा नाही," भावजी म्हणाले.

"झालं," जाऊ माझ्याकडे वळून म्हणाली. "म्हणजे आहे."

कपाटाची किल्ली ते करगोट्याला बांधून झोपत, असे ती म्हणे. मी कधी खात्री करून घेतली नाही. पण बुधवारी सकाळी ते केस कापायला गेले, तेव्हा जाऊने जिन्याखालचा किल्ल्यांचा डबा पदरात ओतून घेतला आणि वर गेली. बिनकुलपाच्या त्या किल्ल्या तिने एकेक करून लावून पाहिल्या. लागली. आयुष्यभर त्यांनी साठवलेल्या निरुपयोगी वस्तूंपैकी ही एक उपयोगी निघाली, आणि तीही त्यांच्याविरुद्ध.

पेनांच्या डब्यात संगणकात घालायची एक चकती होती. वर मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते: "पुलापलीकडची. पटावरून काढलेली. असू दे."

मी ते वाचले आणि मला रागही येईना. लबाडी करायला सुद्धा थोडी हिंमत लागते. या माणसाने एका बाईच्या पोटावर पाय द्यायचे ठरवले आणि तो पायही नीट टेकवला नाही. पुरावा नष्ट करायला गेले, तर पुराव्याचीही नक्कल काढून ठेवली.

भावजी परतले तेव्हा मानेवर बारीक केस चिकटलेले होते आणि टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, चकती. ते बघत राहिले.

"कपाट कसं उघडलंत?"

"तुमच्याच किल्लीनं," जाऊ म्हणाली. "आता बोला. उद्या हे तुम्ही घेऊन जाता, की ताई घेऊन जातात? ताई जातातच आहेत तिकडे."

त्यांनी चकती उचलली, फडक्याने पुसली, पाकिटात घातली. चहा गार झाला म्हणून पुन्हा गरम करून मागितला.

गुरुवारी बैठकीला सगळ्या सिस्टर आल्या होत्या. पुलापलीकडची कोपऱ्यात बसली होती, हात मांडीखाली दाबून. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "नोंदी आहेत का?" ती म्हणाली, "मी गेले होते, बाई. याच्यापुढं माझ्याकडे काही नाही."

तेवढ्यात भावजी उठले. नवे कापलेले केस, इस्त्रीचा सदरा. वरच्या खिशातून त्यांनी चकती काढली, दोन्ही हातांत धरली.

"आहेत," ते म्हणाले. "मी जपून ठेवल्या होत्या."

खोलीत एक उसासा पसरला. चकती यंत्रात गेली. ती प्रत पटावर नसल्यामुळे तिचा मेळ होणार नव्हता, पण उघडून वाचता येत होती. एकेक भेट वर आली. कुणाची टाके काढलेली जखम, कुणाचा वाढलेला रक्तदाब, कुणाचे बदललेले औषध. "म्हातारबाबा आज स्वतः उठून बसले," असेही एके ठिकाणी होते. पुलापलीकडची सिस्टर वाचत होती आणि मांडीखालचे हात कधी बाहेर आले ते तिला समजले नाही. बाकीच्या जणी म्हणाल्या, आम्ही वाटून घेऊन आजच सगळं नव्या प्रतीत टाइप करतो. कोणी तिची नोकरी हा शब्दही पुन्हा काढला नाही.

"शाबास," डॉक्टरीणबाई भावजींना म्हणाल्या. "अशी माणसं संस्थेला हवीत."

मी उभी राहिले. तिला पटावरून कोणी काढले, जुनी प्रत नाही असे कोणी सांगितले आणि चकती कोणत्या डब्यात सापडली, हे मी जसे घडले तसे, न वाढवता सांगितले. भावजी मान हलवत राहिले, जणू मी दुसऱ्याच कोणाबद्दल बोलत होते.

डॉक्टरीणबाईंनी माझे ऐकून घेतले. "मावशी, चूक कोणाच्याही हातून होते. पण त्यांनी जपून ठेवलं, हे महत्त्वाचं नाही का?"

"तेच मी नेहमी सांगत असतो," भावजी म्हणाले. "जपून." मग ते पुलापलीकडच्या सिस्टरकडे वळले. तिने आभार मानावेत, अशा बेताने थांबले.

ती उठली. आवाज साधाच होता. "भाऊ, चोरानं आपल्या घरातलं नेलं आणि स्वतःच्या घरात नीट मांडून ठेवलं, म्हणून त्याला राखणदार म्हणायचं का?"

थोरल्या सिस्टर इतक्या जोरात हसल्या की काच थरथरली. मग हसू पुसून त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगितले, की यापुढे मूळ प्रत आमच्या खोलीत, आमच्या टेबलावर राहील, नाहीतर शनिवारी कोणी येणार नाही. डॉक्टरीणबाईंना भांडण नको होते. त्यांनी ठराव लिहून घेतला: जपूनरावांवरील कामाचा भार कमी करण्यासाठी, त्यांच्या सेवेबद्दल कृतज्ञता व्यक्त करून, मूळ प्रत हलवण्यात येत आहे. भावजींनी त्यातला कृतज्ञतेचा भाग तेवढा ऐकला. ठरावाच्या चार झेरॉक्स काढून घरी आणल्या.

मूळ प्रत सिस्टरांच्या हवाली करण्याआधी त्यांनी तिचीही एक नक्कल काढून घेतली आणि नीट आहे ना हे बघायला उघडली. पिकल्या केसांच्या बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितले होते, की नक्कल उघडली की ती घरातलं आणखी एक माणूस होते; मुळाचीही नक्कल मूळ होत नाही, साधी प्रतच होते. ते विसरले असतील, किंवा वाचल्याशिवाय 'हो' म्हणाले असतील. ती चकती कपाटात आहे. थोरल्या सिस्टरांनी त्याच आठवड्यात तिचे नाव पटावरून काढून टाकले, नाव वाचून, एकदाच 'हो' दाबून.

भावजी अजूनही आल्यागेल्याला सांगतात, "मूळ प्रत माझ्याकडे आहे." आणि पाहुणा जिना उतरायला लागला की खाली उभे राहून म्हणतात, "जपून."